हेड गॅस्केटची जाडी : सवयीकडून मापाकडे
पेट्रोल इंजिनाच्या पहिल्या काही दशकांत ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसणाऱ्या गॅस्केटकडून एवढीच अपेक्षा असे, की सिलिंडरमधला दाब आणि थंडाव्याचे पाणी यांनी आपापली जागा सोडू नये. तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस दाबून केलेल्या या गॅस्केटच्या जाडीत थोडा फरक पडला तरी फारसे बिघडत नसे. कारण साइड-व्हॉल्व्ह रचनेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच असत आणि पिस्टनशी त्यांची गाठ पडत नसे. मात्र हेडचा काही भाग पिस्टनच्या माथ्याजवळ आणल्यास मिश्रण जोराने ढवळले जाऊन नॉकिंग कमी होते, हे १९१९ च्या सुमारास हॅरी रिकार्डो या ब्रिटिश अभियंत्याने दाखवून दिले, आणि ‘स्क्विश’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अरुंद फटीच्या मापात गॅस्केटची जाडी थेट मोजली जाऊ लागली.

व्हॉल्व्ह हेडमध्ये गेल्यावर हा हिशेब दुहेरी झाला. १९५५ मध्ये आलेल्या शेवरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ मालिकेत कारखान्यात सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्र्याचे गॅस्केट वापरले जाई. दुरुस्तीच्या वेळी त्याजागी सुमारे एक मिलिमीटरचे संमिश्र गॅस्केट बसवले की स्क्विशची फट तेवढीच रुंदावे आणि कॉम्प्रेशनही उतरे. याच मालिकेतील ४ इंच बोअर व ३.४८ इंच स्ट्रोकच्या इंजिनात अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे दर सिलिंडरमागे सुमारे ४ घन सेंटिमीटर, म्हणजे १०.५ चे कॉम्प्रेशन गुणोत्तर जवळपास १० वर येणे. उलट, पातळ गॅस्केटने ही हानी भरून काढली की पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर घटते. आणि जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट बसवलेला असेल, तर वाकलेले व्हॉल्व्ह हीच त्याची किंमत ठरते.

म्हणूनच हे अंतर प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत रूढ झाली. पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापून, आधी वापरून दबलेले गॅस्केट घालून हेड कसायचे, क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, आणि हेड उतरवून माती कापून तिचा सर्वांत पातळ भाग मोजायचा, ही त्यातली जुनी रीत. नवे, न दबलेले संमिश्र गॅस्केट वापरल्यास माप फसवे मिळते. डायल गेज आणि हलक्या स्प्रिंगच्या साहाय्याने हेच काम अधिक अचूक होते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असण्याच्या काळात, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोहोचण्याआधी साधारण १० अंशांवर एक्झॉस्ट आणि नंतर १० अंशांच्या आसपास इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वांत जवळ येतो. इनटेकसाठी सुमारे २ आणि एक्झॉस्टसाठी सुमारे २.५ मिलिमीटर अंतर ठेवण्याचा संकेत आहे. एक्झॉस्टला जास्त, कारण तो अधिक तापून लांबतो आणि मिटत असताना पिस्टन त्याचा पाठलाग करत असतो, त्यामुळे वेगात स्प्रिंग कमी पडली तर धडक तिथेच होते.

डिझेल इंजिनांनी जाडीच्या निवडीला नियमाचे रूप दिले. फोक्सवॅगनच्या १.९ लिटर टीडीआय इंजिनात पिस्टन ब्लॉकच्या पातळीच्या वर किती येतो हे मोजून गॅस्केट ठरते : ०.९१ ते १.०० मिलिमीटरला एक भोक असलेले, १.०१ ते १.१० ला दोन आणि १.११ ते १.२० ला तीन भोके असलेले, अधिकाधिक जाडीचे. त्यानंतर प्रचारात आलेल्या बहुपदरी पोलादी गॅस्केटांनी कसल्यानंतरची जाडी जवळपास निश्चित केली. मात्र त्यांना ब्लॉक व हेडचे पृष्ठ बरेच गुळगुळीत लागते.

साहित्य सुधारले तरी एक गोष्ट बदललेली नाही. हेड घासले, ब्लॉक घासला किंवा कॅम बदलला, की आधीचे माप रद्द ठरते. त्यामुळे गॅस्केटची जाडी पाकिटावरच्या आकड्यावरून नव्हे, तर समोरच्या इंजिनात मोजलेल्या पिस्टन-व्हॉल्व्ह अंतरावरूनच ठरवायला हवी.