मॉडेल विमानाचे दिवे रिमोटने कसे लागतात? शेतातल्या स्टार्टरसारखंच आहे गणित!

सोलापूर : रात्री आकाशातलं विमान नीट पाहिलं तर त्याच्या डाव्या पंखावर लाल, उजव्या पंखावर हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा दिसतो. थर्माकोलच्या मॉडेल विमानालाही असे दिवे बसवून जमिनीवरून रिमोटने चालू-बंद करता येतात. विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या मुलांसाठी ही सोपी माहिती.

हे दिवे नुसते शोभेचे नाहीत. दिवस मावळताना विमान आपल्याकडे येतंय की लांब जातंय, तेच कळत नाही. लाल दिवा आपल्या उजव्या हाताला दिसला तर विमान समोरून येतंय. डाव्या हाताला दिसला तर लांब जातंय. यात गोंधळ झाला की रिमोटची दांडी उलटी फिरते आणि महिनाभराची मेहनत ढेकळात जाते.

*हुकूम वेगळा, करंट वेगळा*

विहिरीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं तर मोटारीचा करंट बटणातून जात नाही. बटण आतल्या कॉईलला फक्त हुकूम देतं, मोठा करंट कॉन्टॅक्टर जोडतो. मोबाईल स्टार्टरमध्ये बटणाचं काम फोन करतो. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी याच तत्त्वावर पंपासाठी 'नॅनो गणेश' बनवलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या स्पर्धेत त्याचा गौरव झाला. विमानातही तेच, फक्त आकार नखाएवढा.

*आत काय घडतं?*

विमानातल्या रिसीव्हरच्या प्रत्येक चॅनेलला तीन वायरी असतात : प्लस, मायनस आणि सिग्नल. सिग्नलच्या वायरीवर साधारणपणे सेकंदाला ५० ठोके येतात. रिमोटचा खटका एका बाजूला असेल तर ठोका १ मिलिसेकंदाचा, दुसऱ्या बाजूला केला की २ मिलिसेकंदांचा.

अर्डुइनो नॅनोसारखा छोटा बोर्ड हा ठोका मोजतो. १.६ च्या वर गेला तर दिवे चालू, १.४ च्या खाली आला तर बंद. मध्ये थोडी जागा सोडायची, नाहीतर दिवे फडफडतात. बोर्ड पुढे मॉस्फेटला हुकूम देतो. मॉस्फेट म्हणजे इथला कॉन्टॅक्टर. तो ५ व्होल्टवर पूर्ण उघडणारा 'लॉजिक लेव्हल' प्रकारचाच घ्यावा. त्याच्या गेटपासून मायनसला १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला तर दिवे आपोआप लागत नाहीत. सगळ्यांची मायनस वायर एकच हवी. बहुतेक वेळा चूक इथेच होते.

*रेझिस्टर किती?*

पुरवठा ५ व्होल्ट, लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो. उरले ३ व्होल्ट. करंट १५ मिलिअँपिअर धरला तर ३ भागिले ०.०१५, म्हणजे २०० ओहम. बाजारात २२० चा मिळतो, तो चालतो. पांढरा आणि आजचा चमकदार हिरवा एलईडी साधारण ३ व्होल्ट खातात, त्यांना १५० ओहम. प्रत्येक दिव्याला वेगळा रेझिस्टर लावावा.

ठोके थांबले तर दिवे लुकलुकतील, असंही प्रोग्राममध्ये लिहावं. रेंज तुटल्यावर ठोके थांबवणारा रिसीव्हर असेल, तर धोका खालूनच लक्षात येतो. पहिली चाचणी टेबलावर आणि पंखा काढूनच घ्यावी.

*उडवण्याआधी*

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे सोलापूर शहराचा बराच भाग यात येतो. म्हणून आधी डिजिटल स्कायवरचा नकाशा बघावा.

आणखी एक. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने राज्यातल्या अनेक गावांत लोक रात्र-रात्र जागे होते. त्यामुळे अंधारात वस्तीवर लुकलुकते दिवे फिरवू नयेत. संध्याकाळी मोकळ्या रानात उडवायचं तरी पोलीस पाटलांना आणि शेजारच्या वस्तीला आधी सांगून ठेवावं.