धार बारीक का होते?

नळाची धार बारीक झाली की आपल्याला दोन शंका येतात. टाकीतले पाणी खाली गेले असेल, नाहीतर पाइपात काहीतरी अडकले असेल. लघवीच्या धारेबाबतही प्रश्न हाच असतो: मूत्राशयाचा स्नायू पुरेसा दाब देत नाही, की वाट अरुंद झाली आहे?

वर्गात हे दाखवायला पत्र्याचे दोन डबे पुरतात. एकाच्या तळाशी बारीक भोक पाडून तो काठोकाठ भरलेला ठेवा. दुसऱ्याला मोठे भोक पाडून पाणी थोडेच ठेवा. पातळ्या कायम राखल्या, तर दोन्हींतून मिनिटाला सारखेच पाणी पडेल असे जमवता येते. मग नुसते पडलेले पाणी मोजून डबा ओळखता येईल का?

डॉक्टरांची अडचण नेमकी हीच. मारेगावचा साठीतला शेतकरी धार बारीक झाल्याचे सांगतो, तेव्हा पहिला संशय मूत्रमार्गाभोवतीच्या प्रोस्टेट ग्रंथीवर जातो. वयाबरोबर ती वाढते, हे खरेच. पण जुन्या इजेने मार्ग आकसलेला असेल, खडा अडकला असेल, किंवा मधुमेहाने नसा दुबळ्या होऊन स्नायूच थकला असेल. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. हे विचारायचे मात्र राहून जाते.

शिवाय यवतमाळकडचा उन्हाळा! पाणी घामावाटे जाते, मूत्राशय पुरते भरत नाही, आणि निरोगी माणसाचीही धार मंदावते. म्हणूनच वेग मोजणाऱ्या यंत्रावर १५० मिलिलिटरहून कमी लघवी झाली, तर ते मोजमाप भरवशाचे धरत नाहीत. सर्वाधिक वेग सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असेल तर अडथळ्याची शक्यता कमी, १० च्या खाली असेल तर बरीच. बरीच, नक्की नव्हे.

नक्की सांगायचे तर मूत्राशयात बारीक नळी घालून दाब आणि प्रवाह एकाच वेळी मोजावे लागतात. दाब जास्त, प्रवाह कमी: वाटेत अडथळा. दोन्ही कमी: स्नायू दुबळा. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेने वाट मोकळी होते, थकलेल्या स्नायूला जोर येत नाही. म्हणून हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

ही चाचणी सर्वांनाच लागत नाही. नीट विचारपूस, लघवी व साखरेची तपासणी, गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट चाचपणे, लघवीनंतर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीत पाहणे, एवढ्यानेच पुष्कळदा उलगडा होतो. फेऱ्या टाळण्यासाठी पाणीच तोडणारे मात्र खड्यांना आमंत्रण देतात. आणि लघवी पूर्ण अडून ओटीपोट फुगले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. तुंबलेल्या लघवीचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.