व्यापारी बुडाला, त्याचं पीपीएफ मात्र शाबूत



सोयाबीनचा हंगाम उरकला की लोहा-कंधारकडं असो नाहीतर चाकूर-अहमदपूरकडं, कुठून ना कुठून कानावर येतंच, अमक्या खरेदीदारानं हात वर केले. माल उचलला, चिठ्ठी दिली, पैसे दिवाळीनंतर देतो म्हणाला आणि आता म्हणतो माझ्याकडं काहीच नाही. मग कुणीतरी सांगतं, अगं, त्याच्या पोस्टातल्या पीपीएफ खात्यात लाखो रुपये आहेत! गटाच्या बैठकीत मग प्रश्न येतो, कोर्ट ते जप्त करून आम्हाला का देत नाही?

देऊ शकत नाही. पीपीएफमधली रक्कम खातेदाराच्या कर्जापायी जप्त करता येत नाही. 1968 च्या मूळ कायद्यात हे होतं, 2019 च्या नव्या योजनेतही आहे. नोकरदारांच्या पीएफला 1952 च्या कायद्यानं असंच कवच दिलंय. पेन्शन-ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवले तरी ते कवच जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2008 साली सांगितलं.

ऐकून राग येतो. पण ज्या कलमानं त्याचा पीएफ वाचतो, त्याच दिवाणी कायद्याच्या कलम 60 नं तुमची स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, पोटापाण्याला लागणारी शेतीची औजारं, बैल आणि बियाणंही जप्तीतून वाचतं. कर्ज बुडालं तरी माणसानं उघड्यावर पडू नये, एवढाच त्यामागचा विचार.

मग लबाडानं सगळाच पैसा तिथं दडवला तर? पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त भरता येत नाही. त्यामुळं बुडायच्या आदल्या महिन्यात वीस लाख टाकून मोकळं होता येत नाही. कॅनडात याहून चांगला नियम आहे. दिवाळं निघण्याआधीच्या 12 महिन्यांत निवृत्तीच्या खात्यात भरलेले पैसे घेणेकऱ्यांकडं जातात, जुनी बचत सुरक्षित राहते. पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं वेगळं आणि देणं चुकवायला घाईघाईनं भरलेलं वेगळं. आपल्याकडंही हा फरक व्हायला हवा, असं माझं मत आहे.

पण खरं सांगू का, आपल्या भागात पैसा पीपीएफमध्ये कमीच दडतो. तो दडतो बायकोच्या नावच्या प्लॉटात, मेहुण्याला बक्षीसपत्र करून दिलेल्या जमिनीत. आणि इथं कायदा तुमच्या बाजूनं आहे. घेणेकऱ्यांना बुडवायच्या हेतूनं केलेलं हस्तांतर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली कोर्टाकडून रद्द करून घेता येतं. मात्र दावा सगळ्या घेणेकऱ्यांच्या वतीनं करावा लागतो, म्हणून गावातल्या सगळ्यांनी एकत्र या. त्यानं कोर्टात नादारीचा अर्ज केला, तर अर्जाआधीच्या दोन वर्षांतले असे व्यवहारही उलटवता येतात. ज्यानं खरी किंमत मोजून, काही माहीत नसताना घेतलं, त्याला मात्र हात लागत नाही.

म्हणून त्याचं पासबुक शोधत बसू नका, तलाठ्याकडं जाऊन फेरफार बघा. जमीन कधी, कुणाच्या नावावर गेली ते त्यात दिसतं. तो आता उरलेलं विकायच्या तयारीत असेल, तर निकालाआधीच जप्ती मागता येते, वकिलाला तसं आवर्जून सांगा. वजनाची पावती आणि सहीची चिठ्ठी जपून ठेवा. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांचीच मुदत असते आणि "देतो, देतो" ऐकण्यात ती निघून जाते.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार कुठल्याही बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडं जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. जाताना आधार कार्ड आणि त्या चिठ्ठ्या सोबत न्या.