एकट्याने डोंगरात जाताना

परवा संध्याकाळी दवाखाना आटोपत आला असताना पंचविशीतला एक तरुण आत आला. आजारी नव्हता. दिवाळीनंतर आठ दिवस मोटारसायकलवरून एकटाच भटकायला निघणार होता. बारीहून कळसूबाई, मग भंडारदऱ्याकडून रतनवाडी आणि रतनगड, शेवटी राजूरमार्गे पाचनई व हरिश्चंद्रगड असा बेत. मुक्काम तंबूत, स्वयंपाक हाताने, खर्च कमीत कमी. "डॉक्टरकाका, बरोबर न्यायच्या गोळ्या लिहून द्या," एवढेच त्याचे म्हणणे. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. तिचे म्हणणे, "तुम्हीच त्याला जाऊ नको म्हणून सांगा."

मी दोघांचेही ऐकले नाही. या वयात डोंगर नाही चढायचे तर कधी चढायचे? पण गोळ्यांची यादी मी शेवटी लिहिली. आधी त्याला एक हकीगत सांगितली.

काही वर्षांपूर्वी माझा एक रुग्ण, तरुण शिक्षक, ऑक्टोबरच्या उन्हात एकटाच कळसूबाईला गेला. शिखर १६४६ मीटर उंच, म्हणजे महाराष्ट्रातले सर्वांत उंच. निघायला अकरा वाजले, बरोबर पाण्याची एकच बाटली. अर्ध्या वाटेवर पायांत गोळे आले, डोके ठणकू लागले, उलटी झाली. तरी तो चढतच राहिला. वाटेवर लिंबूसरबत विकणाऱ्या बाईने त्याला हटकले तेव्हा तो असंबद्ध बोलत होता. तिने त्याला सावलीत झोपवले, डोक्यावर-अंगावर पाणी ओतले, पदराने वारा घातला आणि माणसे बोलावून खाली पाठवले. त्या बाईने केलेले उपचार कोणत्याही डॉक्टरने करावेत असेच होते. नंतर तो मला म्हणाला, "डॉक्टर, मला त्या वेळी अगदी ठीक वाटत होतं!"

खरी गोम इथे आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. ज्या मेंदूने 'आता थांब' म्हणायचे तोच गोंधळलेला असतो. सोबती असेल तर तो म्हणतो, "अरे, असा काय बोलतोस?" एकट्याला ते कोण सांगणार? म्हणून एकट्याने नियम घरूनच ठरवून न्यावेत आणि वाटेत स्वतःशी वाद घालू नये. उन्हात चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो, त्या हिशेबाने पाणी घ्यावे. पहाटे निघावे. लघवी गडद पिवळी झाली किंवा गोळे आले की बसावे, जलसंजीवनी प्यावी आणि खाली उतरावे, शिखर दिसत असले तरी.

दुसरी गोष्ट मण्यारीची. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश सुईच्या टोचणीएवढा. सूज नाही, फारसे दुखणे नाही. पुष्कळदा खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, एकाचे दोन दिसतात, गिळता येत नाही आणि अखेर श्वास बंद पडतो. एकटा माणूस पोटदुखीला कालचे खाणे आणि जड पापण्यांना अपुरी झोप समजतो. तंबूची चेन रात्रभर पूर्ण लावलेली हवी. फाटक्या तंबूत काटकसर नको. गुहेत किंवा देवळाच्या ओवरीत उघड्यावर झोपू नये. उठल्यावर अशी लक्षणे दिसली तर मोटारसायकलला किक मारू नये, माणूस हाक मारून बोलवावा आणि १०८ ला फोन करावा. कापणे, आवळून बांधणे, मांत्रिक, काही नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते.

आणखी एक. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. त्यातही माणसाला फक्त झोप येते आहे असे वाटते.

आता पैशांचे. लॉजचे भाडे वाचवायला रात्रभर गाडी चालवणे ही सर्वांत महाग बचत. त्यात सर्दीची किंवा उलटीची गोळी घेतलेली असेल तर बघायलाच नको, यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. टाक्याचे पाणी फडक्याने गाळून उकळावे, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. आणि पायथ्याच्या गावात एका घरी पिठलं-भाकरी जेवावे. स्वतःचा भात शिजवण्यापेक्षा चार पैसे जास्त जातील, पण त्या घरातल्या मावशींना सांगून जाता येते, "वर मुक्काम करतोय, उद्या दुपारपर्यंत उतरतो." आपण उतरलो नाही हे कुणाच्या तरी लक्षात येईल. गडावर फोनचा भरवसा नसतो. आईकडेही रोजच्या मुक्कामाचा कागद ठेवावा आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा, तेही त्यावर लिहावे. हा कागद मी त्याच्याकडून तिथेच लिहून घेतला. आई थोडी शांत झाली.

मग गोळ्या: पॅरासिटामॉल, जलसंजीवनीची पाकिटे, जखमेचे मलम, बँडेज. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे झाली होती, ते टोचले. आग्या मोहोळ दिसले तर जवळपास धूर करू नको, हेही सांगितले.

निघताना त्याला बजावले की परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसायचे नाही. गवतात-झुडपांत बारीक किडे चावून स्क्रब टायफस होतो. काख, जांघ, कमरेचा पट्टा अशा झाकल्या जागी काळी खपली दिसते, दुखत नाही, म्हणून रुग्ण दाखवत नाही. डोंगरात राहून आलो हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. डॉक्सिसायक्लीन या जुन्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो, मात्र ते वेळेत सुरू व्हायला हवे.