पेराएवढा शिपाई

दिवाळी जवळ आली की तुमच्या अंगणात मातीचा किल्ला उभा राहू लागतो. दगडविटा रचून, त्यांवर चिखल थापून तुम्ही बुरूज बांधता. उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवता. आणि सर्व सिद्धता झाली म्हणजे बाजारातून आणलेले मावळे तटावर जागोजागी उभे करता. त्या मावळ्यांचे डोळे, मिशा आणि पागोटी कोणाच्या हातांनी रंगवली असतील, असा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय? खरे सांगावयाचे तर माझ्या मनात तो वयाची साठी उलटेपर्यंत आला नव्हता. तो प्रश्न मला विचारावयास लावला तो एका पेराएवढ्या शिपायाने. त्या शिपायाची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे.

खेळण्यातले शिपाई घडविण्याची कला युरोपात फार दिवसांची आहे. जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे शहर त्यासाठी प्रसिद्ध होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील हिल्पर्ट नावाचे कारागीर कथील वितळवून त्याचे चपटे शिपाई ओतीत व रंगवून विकीत. पुढे भरीव शिपाई आले. परंतु त्यांना धातू फार लागे, म्हणून ते महाग पडत. १८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी यावर एक युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतला म्हणजे साच्याच्या भिंतीला टेकलेला भाग प्रथम थिजतो आणि आतला भाग काही क्षण पातळच राहतो. तेवढ्या अवधीत साचा उलटा करून आतला धातू ओतून टाकला, की बाहेरचे कवच तेवढे मागे राहते. या रीतीने ५४ मिलिमीटर उंचीचे पोकळ शिपाई तयार होऊ लागले. ते वजनाला हलके आणि किमतीला स्वस्त असल्यामुळे सामान्य घरांतील मुलांच्याही हाती पडले.

या शिपायांना घेऊन नियमबद्ध खेळ खेळण्याची कल्पना मात्र निराळ्या वाटेने आली. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या एका अधिकाऱ्याने १८२४ साली युद्धाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. नकाशावर लहान ठोकळे सरकवून आणि फासे टाकून लष्करी अधिकाऱ्यांनी डावपेचांचा अभ्यास करावा, हा त्याचा हेतू होता. पुढे १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले आणि खेळण्यातले शिपाई व लाकडी गोळी उडविणारी चिमुकली तोफ घेऊन घरच्या जमिनीवर लढाई कशी खेळावी, हे समजावून दिले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटूचे युद्ध शतपटीने बरे, असे त्यांचे मत होते. त्यांचे म्हणणे जगाने ऐकले नाही. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध सुरू झाले. खेळातील पडलेला शिपाई पुन्हा उभा करता येतो. रणांगणावर पडलेला येत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा खेळ पुष्कळ देशांत पसरला. इंग्लंडमध्ये १९७५ साली स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या संस्थेने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ नावाचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात इतिहासातील सैन्यांऐवजी राक्षस, वेताळ आणि काल्पनिक योद्धे एकमेकांशी झुंजतात. दोघे खेळाडू मेजावर पुठ्ठ्याची घरे व टेकड्या मांडतात, मोजपट्टीने अंतर मोजून आपले शिपाई पुढे सरकवतात आणि वार लागला की चुकला हे फाशांवरून ठरवतात. आज अशा खेळांतील शिपाई बहुधा २८ मिलिमीटर उंचीचे असतात. आपल्या अंगठ्याचे वरचे पेर साधारण तेवढेच भरते. ते बहुधा कोरेच मिळतात. करड्या प्लास्टिकच्या चौकटीला हात, पाय, ढाली, तलवारी अशा सुट्या चिकटलेल्या असतात. त्या कापून काढावयाच्या, जोडावयाच्या आणि मग रंगवावयाच्या. सैन्य म्हटले म्हणजे एका शिपायाने भागत नाही. पाच-पन्नास तरी हवेत. म्हणून या छंदाची मंडळी खेळण्यात जेवढा वेळ घालवतात, त्याहून कितीतरी अधिक वेळ हातात कुंचला धरून बसलेली असतात; आणि कपाटात साचलेले कोरे शिपाई कधी रंगवून होणार, ही त्यांची नित्याची काळजी असते.

माझा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. एका जुलै महिन्यात माझा बारा वर्षांचा नातू सुटीसाठी आमच्याकडे आला, तो अशा शिपायांची एक पेटी, रंगांच्या कुप्या आणि तीन कुंचले घेऊनच. बाहेर पाऊस कोसळत होता. नातू म्हणाला, “आजोबा, एक शिपाई तुम्ही रंगवा, एक मी रंगवतो.” सदतीस वर्षे मी फळ्यावर सुवाच्य अक्षर काढले होते, तेव्हा या एवढ्याशा बाहुल्याची काय मातब्बरी, असे मला वाटले. तासाभराने आम्ही दोघांनी आपापले शिपाई उचलून पाहिले. माझ्या शिपायाच्या चेहऱ्यावर नाक, डोळे, तोंड काहीच उरले नव्हते. गुळाचा खडा ठेवावा तसे त्याचे डोके दिसत होते. नातवाच्या शिपायाचे लाल अंगरख्याचे ओघळ पायांपर्यंत आले होते. तो हिरमुसून म्हणाला, “मला हे जमणारच नाही. टाकून देतो.”

आमचे काय चुकले, याचा शोध आम्ही दुसऱ्या दिवशी घेतला. प्रथम आम्ही गणित केले. मनुष्य १७० सेंटिमीटर उंच आणि शिपाई २८ मिलिमीटर. म्हणजे शिपाई मनुष्याच्या सुमारे एकसाठांश. मनुष्याचा चेहरा २२ सेंटिमीटर धरला, तर शिपायाचा चेहरा चार मिलिमीटरांहूनही लहान होतो आणि डोळा अवघा अर्धा मिलिमीटर भरतो. मनुष्याच्या अंगावर रंगाचा जो थर डोळ्यांना जाणवणारही नाही, तो येथे साठपट जाड ठरतो आणि नाकाशेजारची खोबण बुजवून टाकतो. म्हणून रंग पाण्याने दुधासारखा पातळ करावा लागतो आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्यावे लागतात. पहिला हात दिला म्हणजे खालचा करडा रंग डोकावतो आणि काम बिघडले असे वाटते. तेथे धीर धरावा. तो पुरता वाळल्यावर दुसरा हात दिला की रंग एकसारखा दिसतो.

दुसरी चूक आरंभीची होती. साच्यातून निघालेल्या वस्तूवर कधी कधी तेलकट अंश राहतो. शिवाय प्लास्टिक गुळगुळीत असते. अशा पृष्ठभागाला पाण्यात कालवलेला रंग धरत नाही, तो ओघळतो किंवा पुढे पोपडे होऊन निघतो. म्हणून शिपायाला साबणाच्या पाण्याने न्हाऊ घालून वाळवावे आणि मग त्यावर अस्तराचा रंग द्यावा. भिंतीला रंग देण्यापूर्वी रंगारी प्रायमर लावतो, तोच हा प्रकार. बाटलीच्या बुचावर शिपाई चिकटवून घेतला म्हणजे त्याला बोट न लावता चहूकडून रंगवता येते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. चौकातील मोठ्या पुतळ्याच्या अंगरख्याच्या चुण्यांत सावली पडते, म्हणून त्या चुण्या दुरून दिसतात. पेराएवढ्या शिपायाच्या अंगावरही सावली पडते. पण ती इतकी सूक्ष्म असते की हातभर अंतरावरून आपल्याला दिसतच नाही. म्हणून चित्रकाराने ती रंगवून दाखवावी लागते. काळसर तपकिरी रंगाचे अगदी पातळ पाणी अंगावर सोडले, की ते आपोआप खोलगट भागांत जाऊन साचते व तेथे सावली होते. याच्या उलट, कुंचल्यातला जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून टाकून तो कोरडा कुंचला अंगावरून हलकेच फिरवला, की उंचवट्यांच्या कडांना तेवढा फिकट रंग लागतो आणि तेथे ऊन पडल्याचा भास होतो. एवढे केल्यावर, जो काल प्लास्टिकचा तुकडा होता त्याच्या अंगावर वस्त्रे दिसू लागतात.

डोळ्यांचीही एक युक्ती आहे. चेहरा रंगवून मग डोळे काढू गेले तर हात हमखास बाहेर जातो. म्हणून आधी पांढरा ठिपका द्यावा, त्यावर काळा बिंदू टेकवावा आणि शेवटी कातडीचा रंग भोवती लावीत आणावा. म्हणजे बाहेर गेलेले सारे त्याखाली झाकले जाते. कुंचला मात्र ओठांनी ओला करू नये. आणि जुने शिपाई शिशाचे असण्याचा संभव असल्यामुळे ते हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत, कारण शिसे विषारी आहे.

या सर्व गोष्टी शिकून नातवाने नवा शिपाई हाती घेतला. रोज सायंकाळी तासभर, असे आठ दिवस तो बसला. आठव्या दिवशी त्याचा शिपाई तयार झाला. अंगरख्याच्या चुण्या, कमरपट्ट्याचे पितळी बक्कल, इतकेच काय, पण त्याची नजरही किंचित डावीकडे वळलेली दिसत होती. आता रंगाच्या रक्षणासाठी त्यावर वार्निशाचा फवारा मारणे तेवढे राहिले. नातू झोपला असताना, त्याला सकाळी आश्चर्य दाखवावे म्हणून, ते काम मी पडवीत उरकून टाकले. बाहेर मुसळधार पाऊस होता. हवेत ओलावा फार असताना असा फवारा मारला तर वार्निशावर कधी कधी पांढुरके पटल धरते, हे मला ठाऊक नव्हते. सकाळी पाहतो तो शिपाई धुक्यात उभा असावा तसा पांढरा पडलेला! पुसून पाहिले, पटल हलले नाही. आठ दिवसांचे काम माझ्या उतावळेपणाने एका क्षणात गेले होते.

नातू तो शिपाई हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, “बाळ, चूक माझी आहे.” तो म्हणाला, “असू द्या, आजोबा. कसे रंगवायचे ते आता मला येते. पुन्हा रंगवू.”

त्या शब्दांनी मला माझ्या शिक्षकपणाच्या पहिल्या वर्षांतील एक विद्यार्थी आठवला. त्याच्या वहीवर नेहमी शाईचे डाग पडत. एकदा संतापून मी त्याच्या पानभर निबंधावर तांबड्या शाईची आडवी रेघ ओढली आणि वही सर्व वर्गाला दाखवली. त्यानंतर तो मुलगा निबंध लिही, पण चार ओळींच्या पुढे कधी गेला नाही. त्याचे डाग मला दिसले. त्या पानामागची त्याची संध्याकाळ मला दिसली नाही. माझ्या चुकीला माझ्या नातवाने जे दिले, ते मी त्या मुलाला देऊ शकलो नव्हतो.

आम्ही तो शिपाई पुन्हा अस्तर लावून रंगवला. या वेळी सहा दिवस लागले, आणि फवाऱ्यासाठी आम्ही कोरडी उघडीप मिळेपर्यंत वाट पाहिली. पहिल्यापेक्षा तो अधिक चांगला झाला. या छंदात बहुतेकांच्या वाट्याला बक्षीस येत नाही, की टाळ्या येत नाहीत. कित्येकदा केलेले काम दुसऱ्याच्या लक्षातही येत नाही. पण काल जे हाताला येत नव्हते ते आज येते, ही जाणीव ज्याची त्याला होते, आणि तिची गोडी लागली म्हणजे मनुष्य दुसरा शिपाई हाती घेतो.

नातू परत जाताना तो शिपाई घेऊन गेला. जाताना त्याने माझा पहिला, गुळाच्या खड्यासारख्या डोक्याचा शिपाई माझ्या मेजावर ठेवला. तो अजून तेथेच आहे. कोणाची चूक दाखवण्यासाठी मी लेखणी उचलली, की माझी दृष्टी प्रथम त्याच्याकडे जाते.

येत्या दिवाळीत किल्ल्यावर मावळे मांडाल, तेव्हा त्यांतला एखादा डोळ्यांजवळ धरून पाहा. त्याची मिशी जराशी वाकडी असेल, एक डोळा थोडा वर गेलेला असेल. हसू नका. तो कोणीतरी दिव्याशी बसून, श्वास रोखून काढलेला आहे.