‘क्रांती’ या संज्ञेचा आशय : अरुण साधूंचे क्यूबाविषयक लेखन आणि नागपूरचा संदर्भ

मराठी राजकीय गद्यात ‘क्रांती’ या शब्दाइतका सैलपणे वापरला गेलेला शब्द क्वचितच आढळेल. ‘क्रम्’ या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ पाऊल टाकणे, ओलांडून जाणे असा आहे. ज्योतिषशास्त्रातील ‘क्रांतिवृत्त’ या संज्ञेत गतीचा तो अर्थ टिकून आहे. ‘बंड’ आणि ‘उठाव’ या शब्दांनी प्रतिकाराची कृती सूचित होते. ‘क्रांती’त त्या कृतीनंतरची अवस्थाही अभिप्रेत असते. हुकूमशहा पदच्युत झाला म्हणजे क्रांती पूर्ण झाली काय, हा प्रश्न या शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत आहे. ‘फिडेल, चे आणि क्रांती’ या ग्रंथाच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

विदर्भातील परतवाडा येथे जन्मलेले अरुण साधू (१९४१–२०१७) हे पत्रकार आणि कादंबरीकार म्हणून परिचित आहेत. चीन, रशिया आणि क्यूबा येथील क्रांत्यांचा परिचय त्यांनी मराठी वाचकास करून दिला. प्रस्तुत ग्रंथाच्या शीर्षकात दोन व्यक्तिनामे प्रथम येतात आणि प्रक्रियावाचक नाम शेवटी येते. व्यक्ती आणि प्रक्रिया यांतील नाते कोणते, हे त्यातील ‘आणि’ या अव्ययाने खुले ठेवले आहे.

क्यूबातील घटनाक्रम पाहता हे नाते सरळ नाही, असे दिसते. १० मार्च १९५२ रोजी बातिस्ता यांनी लष्करी बळावर सत्ता बळकावली. २६ जुलै १९५३ रोजी फिडेल कास्त्रो यांच्या नेतृत्वाखाली मोंकाडा लष्करी ठाण्यावर झालेला हल्ला फसला. २ डिसेंबर १९५६ रोजी ‘ग्रान्मा’ या नौकेतून ८२ जण क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांपैकी अवघे वीसेक जण सिएरा माएस्त्राच्या डोंगरात पुन्हा एकत्र येऊ शकले. शिवकालीन गनिमी काव्याच्या कथांवर पोसलेल्या मराठी मनाला ही कथा चटकन आपलीशी वाटावी, हे स्वाभाविक होय. परंतु ही जवळीक काहीशी फसवी आहे. शहरांत गुप्तपणे काम करणारे, शस्त्रे आणि माणसे डोंगरात पोहोचविणारे कार्यकर्ते वीरकथेत मागे पडतात. सांतियागो येथील अशा संघटनेचे सूत्रधार फ्रांक पाईस यांना १९५७ च्या जुलैमध्ये पोलिसांनी ठार केले. मार्च १९५८ मध्ये अमेरिकेने बातिस्ता सरकारचा शस्त्रपुरवठा थांबविला. त्याच वर्षी उन्हाळ्यातील मोठी लष्करी मोहीम अयशस्वी होऊन सैन्याचे मनोधैर्य खचले. चे गेवारा यांच्या तुकडीने सांता क्लारा येथे मिळविलेला विजय हा या प्रक्रियेचा कळस होता. १ जानेवारी १९५९ च्या पहाटे बातिस्ता देश सोडून पळाले. हुकूमशाही कोसळली ती पराक्रमामुळे, तशीच तिचे आधार एकेक करून निखळल्यामुळेही.

नागपूरच्या वाचकापाशी या कथेकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. २० नोव्हेंबर रोजी काठमांडू येथे ते बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले. त्यानंतर पाचच दिवसांनी ‘ग्रान्मा’ने मेक्सिकोचा किनारा सोडला. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. तथापि एकाच शरदऋतूत क्रांतीचे दोन अर्थ सिद्ध होत होते, ही बाब लक्षणीय आहे. शोषणाचा अंत हे साध्य बुद्ध आणि मार्क्स या दोघांनाही मान्य आहे, भेद साधनांचा आहे, असे आंबेडकरांचे प्रतिपादन होते. बळ आणि हुकूमशाही यांनी घडविलेले परिवर्तन ते बळ सरल्यावर कशाच्या आधारे टिकणार, हा त्यांचा मूळ आक्षेप. तत्पूर्वी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, राजकारणातील विभूतिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही त्यांनी दिला होता.

क्यूबाचा पुढील इतिहास या कसोटीवर तपासण्याजोगा आहे. १९६१ च्या साक्षरता मोहिमेत सुमारे सात लाख लोक लिहावाचावयास शिकले; आरोग्यसेवा सर्वांपर्यंत पोहोचली. त्याच वेळी विरोधी पक्ष आणि स्वतंत्र वृत्तपत्रे यांना मात्र स्थान उरले नाही. चे १९६७ मध्ये बोलिव्हियात मारले गेले आणि प्रतिमारूपाने चिरतरुण राहिले. फिडेल सुमारे अर्धशतक सत्तेवर राहून २००८ मध्ये पायउतार झाले आणि सत्ता त्यांच्या बंधूंकडे गेली. ज्याला सत्ता दीर्घकाळ राबवावी लागली नाही त्याची प्रतिमा निष्कलंक राहते. जो सत्तेत राहतो त्याला क्रांतीचा हिशेब द्यावा लागतो.

क्रांतीविषयी लिहिणाऱ्या साधूंनीच ‘सिंहासन’ ही कादंबरी लिहावी, यात म्हणूनच विसंगती नाही. सत्तापदाची ओढ माणसांचे काय करते, हा तिचा विषय क्रांतीच्या उत्तरार्धाशी जवळचे नाते सांगतो. २००७ मध्ये नागपूर येथे भरलेल्या ८० व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद साधूंनी भूषविले. ज्या नगरात मनःपरिवर्तनालाही क्रांती म्हटले जाते, तेथे ‘फिडेल, चे आणि क्रांती’ वाचताना शीर्षकातील तिसऱ्या शब्दावर अधिक काळ थांबणे अगत्याचे ठरते. हुकूमशहा पळाल्याच्या दिवशी वीरकथा संपते; ‘क्रांती’ या शब्दाचा अर्थ मात्र त्या दिवसापासून कसास लागतो.