प्रसूतिकक्षातील मावशी

गेली दीड वर्षे मी तालुक्याच्या गावी एका प्रसूतिगृहात आठवड्यातून चार रात्री आयाचे काम करीत आहे. नोंदवहीत या कामाला काहीही म्हणत असोत, खाटेवरून हाक येते ती ‘मावशी’ अशीच. विसाव्या वर्षी पन्नाशीच्या सासूबाईही मला मावशी म्हणतात! वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, “तिथे तू नेमके करतेस तरी काय?” त्या प्रश्नाआड दुसरा प्रश्न दडलेला असतो : शिकणाऱ्या मुलीने हे हलके काम का करावे? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी मी काय करीत नाही ते सांगते. इंजेक्शन देणे, औषध देणे, आतून तपासणी करणे ही कामे डॉक्टरांची आणि सिस्टरांची. माझ्याकडे राहते ते बाकीचे सारे. खाटेवर रबरी कापड व धुतलेली चादर घालणे, कळा सुरू झालेल्या बाईला हात धरून फिरवणे, पाणी पाजणे, दर दोन तासांनी लघवीला नेणे. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते. पण मूत्राशय भरलेले असले की बाळाचे डोके खाली सरकण्यास अडथळा होतो, आणि प्रसूतीनंतर गर्भाशयही नीट आकुंचन पावत नाही.

बाळ जन्मले की पहिले काम त्याला कोरडे करण्याचे. ओले बाळ झपाट्याने गार पडते. म्हणून ऊबदार कापडाने पुसून ते आईच्या उघड्या अंगावर ठेवतात आणि त्याच्या डोक्यावर टोपी चढवतात. आंघोळ पहिला दिवस उलटेपर्यंत घालीत नाहीत. तासाभराच्या आत त्याला आईच्या छातीशी लावायचे असते. येथे माझी गाठ आजीबाईंशी पडते. चीक पिवळट व घट्ट दिसतो म्हणून तो पिळून टाकावा आणि बाळाला मध चाटवावा, असा त्यांचा आग्रह असतो. खरे तर रोगांपासून बाळाचे रक्षण करणारी द्रव्ये त्या चिकातच भरपूर असतात. हे डॉक्टरांनी सांगितले तर आजीबाई मान डोलावतात आणि डॉक्टर गेल्यावर मधाची बाटली काढतात. मावशीने शेजारी बसून सांगितले तर पुष्कळदा ऐकतात.

सर्वांत जोखमीची वेळ मात्र यानंतरची. बाळ आले, वार पडली, नातेवाईक पेढे आणायला धावले, की सर्वांना वाटते, सुटलो! पण त्यानंतरचे पहिले एक-दोन तास बाळंतिणीच्या जिवाला फार जपावे लागते. गर्भाशय आवळून घट्ट झाले नाही, तर रक्तस्राव थांबत नाही. पाचशे मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेले की तो धोका मानतात. त्या तासांत सिस्टर दर पंधरा मिनिटांनी नाडी व रक्तदाब पाहतात. परंतु पॅड बदलते ती मी. एका रात्री एका बाळंतिणीचे पॅड अर्ध्या तासात तिसऱ्यांदा भिजलेले मला दिसले. ती म्हणत होती, “काही नाही हो, नुसती झोप येतेय.” तिचा हात गार लागला. मी सिस्टरना हाक मारली. त्यांनी पोट चोळले, इंजेक्शन दिले, डॉक्टर आले. पहाटे तिने चहा मागितला. नमुना नोंदणीच्या आकड्यांनुसार २०१८-२० या काळात भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. अशा मृत्यूंच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे हा रक्तस्राव.

दुसरा शत्रू जंतुसंसर्ग. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली सेमेलवाइस या डॉक्टरांनी शवविच्छेदन करून येणाऱ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. त्या कक्षात एप्रिलमध्ये शेकडा १८ माता दगावत होत्या. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास आले. आज आमच्या कक्षात हात धुणे, सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट ओतणे, वार व रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत टाकणे, हे त्याच धड्याचे पाठ आहेत. ते रोज गिरवायचे काम बहुतांशी आयांचेच.

आता हलकेपणाविषयी. हे काम मी शिकले ते एका जुन्या मावशींकडे पाहून. रीतसर शिक्षण आम्हांला कोणी दिले नाही. रक्त किती गेले की हाक मारायची, हेही त्यांनीच सांगितले. पगार थोडा म्हणून बक्षिसीची वाट पाहावी लागते, आणि ती बक्षिसी मुलगा झाला तर सैल हाताने, मुलगी झाली तर हात आखडून मिळते. श्रम दोन्ही वेळी सारखेच, कळाही सारख्याच! मी ती घेणे सोडले आहे. पण जिच्या घरी चूल त्यावर पेटते, तिला मी काय उपदेश करणार?

श्रमप्रतिष्ठेवर आपण वर्गात निबंध लिहितो. मला वाटते, प्रतिष्ठा पाठ थोपटून येत नाही. काय पाहायचे आणि केव्हा हाक मारायची, याचे महिनाभराचे शिक्षण आणि बक्षिसीवाचून भागेल एवढा पगार, या दोन गोष्टी प्रत्येक मावशीला मिळाव्यात. रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या सर्वांत जवळ तीच असते.